करमुक्त खात्याची बदली

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १ मार्च २०१५ पासून नागरिकांसाठी करमुक्त बचत खाते सुरू केले. वर्षाला ३०,००० रँड आणि उभ्या आयुष्यात ५ लाख रँड एवढी भरण्याची मर्यादा होती. त्यावर मिळणारे व्याज असो, लाभांश असो की भांडवली नफा, कर शून्य. बँका, विमा कंपन्या, फंड चालवणाऱ्या संस्था अशा अनेकांना ही खाती उघडता येत होती. गोम एकच होती. ज्या संस्थेत खाते उघडले, तिथून ते उचलून दुसरीकडे नेता येत नव्हते. बदलीची सोय करू असे सरकार सांगत राहिले, संस्थांची यंत्रणा तयार नाही म्हणून तारीख पुढे जात राहिली, आणि अखेर १ मार्च २०१८ रोजी, योजनेला तीन वर्षे झाल्यावर, ते दार उघडले.

तोवर आपली संस्था महाग आहे असे ज्याला वाटे, त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. मुकाट्याने तिथेच राहायचे, किंवा पैसे काढून दुसरीकडे नव्याने भरायचे. दुसरी वाट दिसायला सरळ, पण तोट्याची. या खात्यातून काढलेल्या रकमेची मर्यादा खातेदाराला परत मिळत नाही. तीस हजार रँड काढून पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत भरले, तर खात्यात तीसच हजार दिसतात, पण आयुष्यभराच्या मर्यादेतून साठ हजार वजा झालेले असतात. एका वर्षात मर्यादेपेक्षा जास्त भरले, तर त्या जादा रकमेवर ४० टक्के कर वेगळा.

करमुक्त बचतीची खाती जिथे जिथे आहेत तिथे बदलीचे हे कोडे कुठल्या ना कुठल्या रूपात आहेच. साध्या बचत खात्यात फक्त पैसा असतो. करमुक्त खात्यात पैशाबरोबर एक नोंद असते. खाते कधी उघडले, कोणत्या वर्षी किती भरले, किती काढले, मर्यादेतले किती उरले, हे सगळे त्या नोंदीत. कर माफ होतो तो या नोंदीच्या बळावर. शेतीच्या व्यवहारात जमीन जागची हलत नाही आणि सगळी धावपळ सातबाऱ्यावरच्या फेरफारासाठी असते, तसाच हा प्रकार आहे. रक्कम क्षणात हजार किलोमीटर जाते. नोंद जायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून बहुतेक सरकारांनी एकच नियम धरला आहे. मधल्या वाटेत खातेदाराने पैशाला हात लावायचा नाही. जुनी संस्था नव्या संस्थेकडे पैसे आणि कागद सोपवील, खातेदाराने अर्ज करायचा आणि बाजूला उभे राहायचे.

स्वतःच्याच पैशाच्या व्यवहारात तो बघ्या होतो. मग या बघ्याचा अर्ज कोणाच्या टेबलावर पडतो, आणि त्या टेबलामागे बसलेल्याला काम लवकर उरकण्यात काही हित आहे का, यावर सगळे ठरते. निरनिराळ्या देशांचे नियम शेजारी ठेवून पाहिले की हा एक मुद्दा पुन्हा पुन्हा वर येतो.

कॅनडात असे खाते २००९ पासून आहे. अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी २००८ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा केली. सुरुवातीला वर्षाला ५,००० डॉलरची मर्यादा होती, मधे २०१५ या एकाच वर्षी ती १०,००० झाली, नंतर पुन्हा खाली आली आणि २०२४ मध्ये ७,००० वर पोचली. न वापरलेली मर्यादा पुढे साठत जाते. दक्षिण आफ्रिकेपेक्षा कॅनडा उदार आहे, कारण काढलेल्या रकमेएवढी मर्यादा परत मिळते. मात्र ती लगेच मिळत नाही, पुढच्या १ जानेवारीला मिळते. बहुतेकांचा पाय घसरतो तो इथेच. समजा, एकाने मर्यादा पूर्ण वापरली आहे. जूनमध्ये त्याने एका बँकेतून २०,००० डॉलर काढले आणि चांगला दर मिळतो म्हणून जुलैत दुसऱ्या बँकेच्या करमुक्त खात्यात भरले. त्याच्या दृष्टीने खाते फक्त हलले. महसूल खात्याच्या दृष्टीने त्याने २०,००० डॉलर जादा भरले. जादा रकमेवर दरमहा १ टक्का कर, म्हणजे २०० डॉलर. ती रक्कम डिसेंबरअखेर तशीच राहिली तर १,२०० डॉलर गेले. चांगल्या दराने दिलेले सगळे व्याज आणि वर पदरचे काही.

हाच माणूस नव्या बँकेत जाऊन ‘माझे खाते थेट मागवून घ्या’ असे म्हणाला असता, तर एक डॉलरही कर लागला नसता. जुनी संस्था बदलीचे शुल्क घेते, अनेक ठिकाणी ते ५० ते १५० डॉलरच्या घरात असते, आणि ग्राहक मिळवायला उत्सुक असलेली नवी संस्था पुष्कळदा ते स्वतः भरून देते.

अमेरिकेची रीत निराळी. निवृत्तीसाठीच्या रॉथ खात्यात कर भरून झालेला पैसा जातो आणि नियम पाळले तर बाहेर येताना कर लागत नाही. सेनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने ते १९९८ पासून चालू आहे. तिथे खातेदाराला पैसे हातात घेण्याची मुभा आहे, अट ६० दिवसांत दुसऱ्या खात्यात भरण्याची. वाचायला हे फार सोयीचे वाटते. या मुभेचा उपयोग दोन महिन्यांचे बिनव्याजी कर्ज म्हणूनही होऊ लागला, एका खात्यातून काढून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. २०१४ मध्ये करन्यायालयापुढे आलेल्या अशाच एका प्रकरणातला खातेदार स्वतः करविषयाचा वकील होता, आणि तो हरला. बारा महिन्यांत एकदाच, आणि तेही सगळी निवृत्ती खाती मिळून एकदाच, असा अर्थ न्यायालयाने लावला. महसूल खात्याने २०१५ पासून तो सर्वांना लागू केला. संस्थेकडून संस्थेकडे होणाऱ्या थेट बदलीवर मात्र अशी मर्यादा नाही. हातात पैसे देणारा देशही शेवटी थेट बदलीकडेच बोट दाखवतो.

या सगळ्यात शिकण्यासारखा इतिहास ब्रिटनचा. मार्गारेट थॅचर यांचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी शेअर गुंतवणुकीसाठी एक करमुक्त योजना काढली, ती १९८७ पासून चालू झाली. त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री जॉन मेजर यांनी बँकेतल्या ठेवींसाठी दुसरी काढली, ती १९९१ पासून; तिच्यात पैसे पाच वर्षे ठेवावे लागत. पुढे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी ६ एप्रिल १९९९ पासून या दोन्हींच्या जागी एक नवे खाते आणले. तिकडचे लोक त्याला ‘आयसा’ म्हणतात. पहिल्या वर्षी मर्यादा ७,००० पौंडांची होती, त्यातले रोख ठेवींत ३,०००. २०१७ पासून ती २०,००० पौंड आहे. आजन्म मर्यादा नाही, पण न वापरलेले वर्ष वाया जाते. एकदा आत गेलेला पैसा मात्र कितीही वर्षे, कितीही वाढला तरी करमुक्त राहतो. म्हणून तिथे जुनी शिल्लक जपण्याला फार महत्त्व आहे. वीस वर्षांची साठलेली लाख दीड लाख पौंडांची शिल्लक कोणी एकदा काढून घेतली, तर ती परत आत घालायला पाच ते आठ वर्षे लागतील.

बँकांना हे चांगले ठाऊक होते. नव्या ग्राहकाला चढा दर दाखवायचा, वर्षभराने तो गुपचूप खाली आणायचा, ही तिथली जुनी चाल. ग्राहक पैसे काढू शकत नव्हता, कारण सवलत जाईल. बदलीचा अर्ज केला तर तो अर्ज आठवडेच्या आठवडे फिरत राही. जुनी बँक चेक टपालाने पाठवी, कागदात एक आकडा चुकला की सगळे परत. मार्च २०१० मध्ये ‘कन्झ्युमर फोकस’ या ग्राहक संस्थेने कायद्याने दिलेला विशेष तक्रारीचा अधिकार वापरून हा सगळा प्रकार स्पर्धा नियामकापुढे मांडला. काही महिन्यांतच बँका खाली आल्या. रोख खात्याच्या बदलीची मुदत कामकाजाच्या २३ दिवसांवरून १५ दिवसांवर आणण्याचे आणि ग्राहकाच्या विवरणपत्रावर त्याचा सध्याचा व्याजदर छापण्याचे त्यांनी कबूल केले. आपल्याला किती टक्के मिळतात हे आपल्याच बँकेच्या कागदावर छापून यावे म्हणून लढावे लागले, यातच सारे आले.

आज तिथला नियम असा आहे. रोख खात्यातून रोख खात्यात कामकाजाचे १५ दिवस; इतर प्रकारांत ३० दिवस. जुन्या संस्थेला बदली अडवता येत नाही. नव्या संस्थेवर मात्र बाहेरून येणारे खाते स्वीकारण्याची सक्ती नाही. आणि अर्ज जातो नव्या संस्थेकडे. जिला ग्राहक हवा आहे तीच जुनीच्या मागे लागते.

तरी खाचखळगे आहेतच. मुदतीच्या दराचे खाते मुदतीआधी हलवले, तर काही महिन्यांच्या व्याजावर पाणी सोडावे लागते. पाच वर्षांच्या खात्यात ते वर्षभराचेही असू शकते. शेअर असलेले खाते हलवताना दोन पर्याय. शेअर आहेत तसे पाठवायचे, किंवा विकून रोख पाठवायची आणि पलीकडे पुन्हा घ्यायचे. पहिल्याला वेळ लागतो आणि नव्या संस्थेकडे तोच फंड असावा लागतो. दुसऱ्यात मधले दिवस पैसा बाजाराबाहेर राहतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाजार चढला तर भरपाई कोणी देत नाही. २०१६ पासून काही संस्था काढलेली रक्कम त्याच करवर्षात परत भरू देतात, पण ही मुभा त्या संस्थेतल्या त्या खात्यापुरती असते, खाते हलवले की ती सोबत येत नाही. घर घेण्यासाठी किंवा म्हातारपणासाठी सरकार २५ टक्के भर घालते ते ‘लाइफटाइम’ खाते तर साठीच्या आत साध्या आयसात हलवले की पैसे काढल्यासारखाच २५ टक्के आकार लागतो. हिशेब मजेशीर आहे. १,००० पौंड भरले, सरकारने २५० घातले, झाले १,२५०. त्याचे २५ टक्के ३१२.५०. हातात उरले ९३७.५०. सरकारची भर गेली आणि पदरचे साडेबासष्ट पौंडही गेले.

एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनने आणखी मोकळीक दिली. एकाच वर्षात एकाच प्रकारची अनेक खाती उघडता येऊ लागली आणि चालू वर्षाच्या रकमेतला काही भागच हलवता येऊ लागला. पूर्वी चालू वर्षाचे सगळेच न्यावे लागे. पण सगळी वाट पुढेच जाते असे नाही. २०१४ पर्यंत रोख खात्यातून शेअर खात्यात जाता येत होते, उलटे येता येत नव्हते. जुलै २०१४ मध्ये ती बंदी उठली. आता नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ६५ वर्षांखालच्यांसाठी रोख खात्याची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२७ पासून १२,००० पौंडांवर आणण्याचे जाहीर केले, आणि ही मर्यादा आडवाटेने ओलांडली जाऊ नये म्हणून या वयोगटाला शेअर खात्यातून रोख खात्यात होणारी बदलीही बंद होणार आहे. लोकांनी शेअर बाजारात यावे ही सरकारची इच्छा, आणि बदलीचा नियम हे त्या इच्छेचे हत्यार.

भारतात या जातीचे सर्वांत ओळखीचे खाते म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजेच पीपीएफ. १९६८ चा कायदा, त्याच वर्षीच्या १ जुलैपासून योजना, आणि आता डिसेंबर २०१९ मध्ये नव्याने अधिसूचित केलेले नियम. वर्षाला किमान ५०० रुपये, कमाल दीड लाख. व्याज करमुक्त. नवी करप्रणाली घेणाऱ्याला रक्कम भरल्याची वजावट मिळत नाही, व्याज मात्र तिथेही करमुक्तच आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीच्या दशकात या खात्याने १२ टक्के दिले. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्क्यांवर येऊन थांबला.

ब्रिटनशी तुलना करताना एक फरक आधी ध्यानात घ्यावा. पीपीएफचा दर सरकार ठरवते आणि तो टपाल कचेरीत, स्टेट बँकेत आणि खासगी बँकेत एकच असतो. चांगल्या दरासाठी खाते हलवण्याचा प्रश्नच येत नाही. माणसे हलवतात ती सोयीसाठी. वडिलांनी कराडच्या पोस्टात खाते उघडून दिलेले असते, मुलगी पुण्यात नोकरी करते, तिचा पगार एका बँकेत येतो आणि तिला मोबाइलवर पगाराच्या खात्याशेजारीच पीपीएफ दिसायला हवे असते. कोणाचे घर बदलते, कोणाच्या जुन्या शाखेत पासबुक भरून घ्यायला अर्धा दिवस जातो. कारणे साधी आहेत आणि खरी आहेत. नियमही उदार आहे. पोस्टातून बँकेत, बँकेतून पोस्टात, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, कुठूनही कुठे खाते नेता येते, शुल्क १०० रुपये आणि त्यावरचा कर, आणि खाते अखंड चालू असल्याचे मानले जाते.

पण इथे अर्ज जातो जुन्या ठिकाणी. ब्रिटनच्या नेमके उलटे. पोस्टात एसबी-१० (बी) नावाचा फॉर्म भरायचा, पासबुक जोडायचे, नव्या शाखेचा पूर्ण पत्ता लिहायचा. मग जुने कार्यालय खात्याच्या उताऱ्याची साक्षांकित प्रत, मूळ अर्ज, नॉमिनीचा फॉर्म, सहीचा नमुना आणि शिल्लक रकमेचा चेक किंवा डीडी असे सगळे नव्या शाखेला पाठवते. ते पोचल्यावर बँक ग्राहकाला बोलावते, नवा अर्ज आणि केवायसीची कागदपत्रे घेते, नवे पासबुक देते. एकाच बँकेच्या दोन शाखांमध्ये हे काम संगणकावर पटकन होते. पोस्ट आणि बँक यांच्यात मात्र टपालाच्या पाकिटाचा काळ अजून संपलेला नाही. जाणाऱ्या ग्राहकाचे पाकीट लवकर बांधण्यात जुन्या कार्यालयाचा कोणताच फायदा नसतो. त्यात कोणाची वाईट बुद्धी नसते. काउंटरवर समोर उभ्या असलेल्या माणसाचे काम आधी होते, एवढेच.

पाकीट पोचले म्हणजे काम झाले, असेही नाही. सर्वांत आधी पाहायची ती खाते उघडल्याची तारीख. पीपीएफची पंधरा वर्षे ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले त्याच्या अखेरीपासून मोजतात. ऑगस्ट २०१२ मध्ये उघडलेले खाते ३१ मार्च २०१३ पासून मोजले जाते आणि १ एप्रिल २०२८ ला मुदत पूर्ण होते. नव्या बँकेच्या संगणकात चुकून बदलीचीच तारीख, समजा सप्टेंबर २०२४, सुरुवात म्हणून पडली, तर मुदत २०४० वर जाते. अर्धवट रक्कम काढण्याचा हक्क आणि कर्जाचा काळ हेही याच तारखेवर अवलंबून असल्याने चूक एका जागी राहत नाही. नव्या पासबुकाच्या पहिल्या पानावरची तारीख त्याच दिवशी, काउंटरवरून उठायच्या आत पाहावी, हे बँकेतले जुने कर्मचारीही सांगतात.

दुसरी गोष्ट व्याजाची. ते महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर दरमहा मोजतात आणि ३१ मार्चला एकदम जमा करतात. वर्षाच्या मध्यात खाते हलले, तर जुन्या ठिकाणच्या महिन्यांचे आणि पाकीट वाटेत असतानाचे व्याजही नव्या ठिकाणी हिशेबात यायला हवे. ते आले की नाही हे एप्रिलमध्ये स्वतः आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही. आणि बदली होईपर्यंत नवी रक्कम भरायची नाही असा हट्ट तर कोणी धरूच नये. दीड लाखावर ७.१ टक्क्यांनी महिन्याचे व्याज होते ८८७ रुपये ५० पैसे. बदलीची वाट पाहत ५ एप्रिलऐवजी ५ ऑगस्टच्या सुमारास रक्कम भरली, तर चार महिन्यांचे ३,५५० रुपये गेले. त्यापेक्षा एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत जुन्याच खात्यात रक्कम भरून, तिची नोंद पासबुकात आल्यावर अर्ज द्यावा. नॉमिनीची नोंद नव्याने तपासावी. कुठल्या वर्षी ५०० रुपयेही भरले नसतील, तर दर वर्षामागे ५० रुपये दंड आणि राहिलेली किमान रक्कम भरून खाते आधी जिवंत करून घ्यावे.

बदली अवघड वाटली की माणसे काय करतात? पोस्टातले खाते तसेच पडू देतात आणि बँकेत दुसरे उघडतात. एका व्यक्तीच्या नावे पीपीएफचे एकच खाते, हा नियम अनेकांना ठाऊक नसतो, आणि पूर्वी बँकेच्या संगणकाला पोस्टातले खाते दिसत नसे. अशा दुबार खात्यांचा निकाल केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मधल्या परिपत्रकाने लावला. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. दोनपैकी एक खाते खातेदाराने मुख्य म्हणून निवडायचे. दुसऱ्यातली रक्कम दर वर्षीच्या मर्यादेत बसेल तेवढी मुख्य खात्यात विलीन होईल, उरलेली शून्य टक्क्याने परत. तिसरे खाते असेल, तर त्यावर उघडल्या दिवसापासून शून्य. एखाद्याने पोस्टात एक आणि कंपनीच्या बँकेत एक अशी खाती उघडून दोन्हीकडे दरवर्षी दीड-दीड लाख भरले असतील, तर एका खात्याचे सगळे व्याज गेले असे समजावे. बदलीचा १०० रुपयांचा अर्ज त्या मानाने स्वस्त होता.

त्याच परिपत्रकात आजी-आजोबांचाही विषय होता. सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये हरियाणातल्या पानिपत इथे जाहीर झाली आणि नातीच्या नावाने खाते उघडायला कितीतरी आजोबा हौसेने पोस्टात गेले. नियमाप्रमाणे पालक म्हणजे आई, वडील किंवा कायदेशीर पालक. ही खाती बंद न करता पालकत्व आईवडिलांच्या नावे हलवावे असे सरकारने सांगितले, हे बरे झाले. सुकन्या खाते देशात कुठेही नेता येते. घर बदलल्याचा पुरावा दिला तर शुल्क नाही, नाहीतर १०० रुपये. जानेवारी २०२४ पासून त्याचा दर ८.२ टक्के आहे, म्हणजे वाटेत हरवलेल्या महिन्याची किंमत पीपीएफपेक्षा जास्त.

आपल्याकडे बदलीचा प्रश्न ज्या खात्याने खरोखर अंगावर घेतला ते म्हणजे नोकरदारांचा भविष्य निर्वाह निधी. तिथेही करमाफी नोंदीवरच उभी आहे. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी पैसे काढले तर कर लागतो, पण जुन्या कंपनीतली शिल्लक नव्या कंपनीकडे हलवली तर आधीची वर्षे धरली जातात. पूर्वी फॉर्म १३ घेऊन जुन्या मालकाच्या सहीसाठी हेलपाटे घालावे लागत, आणि रागावलेला मालक महिनोन् महिने सही अडवी. २०१४ मध्ये प्रत्येक सभासदाला एकच कायमचा क्रमांक, यूएएन, मिळाला. २०२५ च्या जानेवारीत बऱ्याच प्रकरणांत मालकाच्या संमतीची अट गेली. एप्रिलमध्ये दोन कार्यालयांऐवजी एकाच कार्यालयाची मंजुरी पुरेशी झाली. जुन्या कार्यालयाने हो म्हटले की रक्कम आपोआप नव्या खात्यात. सरकारच्याच अंदाजाने या सुधारणेमुळे सुमारे सव्वा कोटी सभासदांची वर्षाला ९०,००० कोटी रुपयांची बदली सोपी होईल. वर्षाला अडीच लाखांवरच्या स्वतःच्या वर्गणीचे व्याज २०२१-२२ पासून करपात्र झाले आहे. करपात्र आणि करमुक्त भाग वेगळा दाखवण्याची सोयही एप्रिल २०२५ मध्येच फॉर्म १३ च्या प्रणालीत आली. इथे पैशाबरोबर नोंद खरोखरच एकत्र प्रवास करू लागली.

पीपीएफला हे का जमू नये? अल्पबचतीच्या सर्व खात्यांना पॅन आणि आधार जोडणे २०२३ मध्ये सक्तीचे झाले. म्हणजे माणूस एकच आहे हे ओळखण्याचे साधन हाताशी आहे. दर एकच, नियम एकच, पैसा शेवटी जातो तोही सरकारकडेच. संस्था-संस्थांत चढाओढ असलेल्या ब्रिटनपेक्षा हे काम खरे तर सोपे आहे. बँकेच्या ॲपवर अर्ज, पोस्टाच्या संगणकातून नोंद, आणि दिवसांची ठरलेली मुदत, एवढेच हवे. चढाओढ नसल्यामुळेच ते मागे पडले असावे. ब्रिटनमध्ये नवी बँक जुनीच्या मागे लागते, कारण तिला तो पैसा मिळतो. पीपीएफ हलवून घेण्यासाठी कोण धावणार? ज्याला धावायचे तो खातेदार, आणि त्याच्या हातात फक्त पोच असलेली अर्जाची प्रत.

एक बदली मात्र कुठल्याच फॉर्मवर होत नाही, ती म्हणजे देशाबाहेरची. मराठी घरांत आता हा प्रश्न नित्याचा आहे. लंडनला किंवा टोरंटोला नोकरीसाठी गेलेल्याचे पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहते, त्यात भर घालता येते, पण पंधरा वर्षांनंतर मुदतवाढ मिळत नाही आणि परदेशात स्थायिक झाल्यावर नवे खाते उघडता येत नाही. मुदतवाढीच्या जुन्या फॉर्म एचमध्ये रहिवासाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे अनेक अनिवासींची खाती पुढे चालत राहिली होती. वर उल्लेखलेल्या परिपत्रकाने अशा खात्यांना ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत साध्या बचत खात्याचे व्याज दिले आणि नंतर शून्य. शिवाय ब्रिटन, कॅनडा किंवा अमेरिका पीपीएफला करमुक्त मानत नाहीत. तिथल्या कायद्याने तिथला रहिवासी ठरलेल्याला पुण्यातल्या पीपीएफचे व्याज तिथे उत्पन्न म्हणून दाखवावे लागते.

परतणाऱ्याचेही तेच. ब्रिटन सोडल्यावर आयसात नवे पैसे घालता येत नाहीत, पण खाते ठेवता येते, ब्रिटनचा कर लागत नाही, आणि भारतात बसून ते तिथल्या एका संस्थेतून दुसरीत हलवताही येते. कॅनडाचे खातेही असेच ठेवता येते. परदेशात राहत असताना त्यात भर घातली, तर दरमहा १ टक्का कर. भारत मात्र ही दोन्ही खाती करमुक्त धरत नाही. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे, कायद्याच्या भाषेत सामान्य रहिवासी ठरेपर्यंत, सूट मिळते. त्यानंतर आयसाचे व्याज आणि लाभांश भारतात करपात्र, आणि विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात खाते दाखवणे बंधनकारक. ते दाखवले नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सवलत आहे. खाते दाखवण्यातून मात्र कोणाचीच सुटका नाही.